खाबारोव्स्कचा कौल आणि मॉस्कोचा अविश्वास

११ जुलै २०२०, शनिवार. रशियाच्या अतिपूर्व टोकाला, अमूर नदीच्या काठी वसलेल्या खाबारोव्स्क नगरातील लेनिन चौक माणसांनी फुलून गेला होता. चौकात विद्यार्थी होते, कारखान्यांतील कामगार होते, निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध होते आणि मुलाबाळांना सोबत घेऊन आलेली कुटुंबेही होती. ज्या नगरात एरवी शेकड्यांचा मोर्चा निघणेही नवलाचे, तेथे हजारोंचा समुदाय कोणत्याही मोठ्या पक्षाने हाक दिलेली नसताना रस्त्यावर उतरला होता. अनेकांच्या हातांतील फलकांवर एकच घोषणा होती : 'मी/आम्ही फुर्गाल'.

दोनच दिवसांपूर्वी, ९ जुलै रोजी, या प्रदेशाचे निर्वाचित गव्हर्नर सेर्गेई फुर्गाल यांना अटक करण्यात आली होती. १५ वर्षांपूर्वीच्या हत्यांच्या आरोपावरून त्यांना ताब्यात घेऊन थेट मॉस्कोला नेण्यात आले. २० जुलै रोजी राष्ट्राध्यक्ष व्लादिमिर पुतिन यांनी त्यांना पदच्युत केले. त्या आदेशातील कारण मोजक्या शब्दांत दिलेले होते : 'विश्वास गमावल्यामुळे'.

विश्वास कोणी गमावला आणि कोणाचा, हाच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. ज्या मतदारांनी फुर्गाल यांना निवडून दिले होते, त्यांचा विश्वास तर चौकात उभा होता. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाला अभिप्रेत असलेला विश्वास होता राष्ट्राध्यक्षांचा. प्रादेशिक शासनकर्ता नेमका कोणाच्या विश्वासावर पदावर राहतो, या प्रश्नाचे खरे उत्तर त्या दोन शब्दांत दडलेले आहे आणि म्हणूनच खाबारोव्स्कची कहाणी समजून घेणे अगत्याचे ठरते.

गव्हर्नर म्हणजे राज्यपाल नव्हे

भारतीय वाचकाने येथे एक भेद प्रथम ध्यानात घ्यावयास हवा. आपल्याकडे 'गव्हर्नर' म्हणजे राज्यपाल. राष्ट्रपतींनी नियुक्त केलेला, राज्याचा नामधारी प्रमुख. रशियातील गव्हर्नर हा प्रदेशाचा प्रत्यक्ष कारभार पाहणारा कार्यकारी प्रमुख असतो. अधिकारांच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. मात्र मुख्यमंत्री विधानसभेतील बहुमतातून येतो, तर रशियात बहुतेक प्रदेशांतील गव्हर्नर थेट जनतेच्या मतदानाने निवडला जातो. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोन उमेदवारांत दुसरी फेरी होते.

खाबारोव्स्क प्रदेशाचा विस्तारही डोळ्यांसमोर आणावा. सुमारे पावणेआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपट भूमी. लोकसंख्या मात्र अवघी तेरा लाखांच्या घरात. मॉस्कोपासून लोहमार्गाने साडेआठ हजार किलोमीटर अंतर. घड्याळात सात तासांचा फरक. मॉस्कोतील अधिकारी सकाळी कार्यालयात येतो, तेव्हा खाबारोव्स्कच्या कर्मचाऱ्याची घरी परतण्याची वेळ झालेली असते. नदीपलीकडे चीन आहे. लाकूड, मासळी आणि खनिजे यांनी समृद्ध असलेल्या या भूमीतून तरुण मात्र पश्चिमेकडे निघून जातात. 'आपले धन मॉस्कोला जाते आणि मॉस्कोहून आपल्याकडे येतात ते केवळ आदेश', ही या भागातील माणसाची जुनी व्यथा आहे.

ज्याच्याशी लढायचे, त्याचीच अनुमती

रशियाच्या १९९३ च्या संविधानाचे पहिलेच कलम रशियाला लोकशाही संघराज्य म्हणते. गव्हर्नरांची निवडणूक मात्र केंद्राच्या इच्छेनुसार कधी आली, कधी गेली. येल्त्सिन यांच्या काळात प्रारंभी बहुतेक गव्हर्नर नियुक्त होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून निवडणुका सार्वत्रिक झाल्या. सप्टेंबर २००४ मध्ये बेस्लान येथील शाळेवर अतिरेक्यांनी हल्ला केला. ३३० हून अधिक जीव गेले आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. सारे राष्ट्र शोकाकुल असताना, अवघ्या दहा दिवसांत, पुतिन यांनी गव्हर्नरांच्या थेट निवडणुका बंद करण्याचा मानस जाहीर केला. दहशतवादाशी लढण्यासाठी राज्ययंत्रणा एकसूत्री हवी, हा त्यामागचा युक्तिवाद होता. शाळेवरील हल्ला आणि गव्हर्नरची निवडणूक यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न त्या दुःखाच्या कल्लोळात अनुत्तरितच राहिला.

पुढे डिसेंबर २०११ मध्ये संसदीय निवडणुकीतील गैरप्रकारांच्या आरोपांवरून मॉस्कोत प्रचंड निदर्शने झाली आणि सत्तेला एक पाऊल मागे घ्यावे लागले. मे २०१२ मध्ये मेदवेदेव यांनी थेट निवडणुका पुन्हा सुरू करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. मात्र दार उघडताना उंबरठ्यावर एक चाळणीही बसविली गेली. उमेदवाराला प्रदेशातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पाच ते दहा टक्के सदस्यांच्या स्वाक्षऱ्या आणणे बंधनकारक झाले आणि त्याही तीन-चतुर्थांश जिल्ह्यांतून. या संस्थांतील बहुसंख्य सदस्य सत्ताधारी 'संयुक्त रशिया' पक्षाचे. म्हणजे ज्या पक्षाच्या गव्हर्नरविरुद्ध लढायचे, त्याच पक्षाच्या सदस्यांच्या दारी स्वाक्षरीसाठी हात पसरायचे! कुस्तीच्या फडात कोणाशी झुंजायचे, हे प्रतिस्पर्धी मल्लानेच ठरवावे, तसा हा प्रकार आहे.

जोडीला दुसरी युक्ती आहे. लोकांच्या मनातून उतरलेला गव्हर्नर निवडणुकीपूर्वी काही महिने राजीनामा देतो. राष्ट्राध्यक्ष आपल्या पसंतीचा 'कार्यवाहक' गव्हर्नर धाडतात. नवा माणूस फिती कापतो, दूरचित्रवाणीवर झळकतो, मॉस्कोहून निधी आणतो आणि सप्टेंबरमध्ये मतदारांपुढे उभा राहतो. मतदाराच्या हाती उरते ते, जो आधीच खुर्चीवर बसला आहे त्याला मान डोलावणे.

सप्टेंबर २०१८ : चाळणीतून निसटलेला कौल

तरीही जनमताचा प्रवाह कधी कधी अनपेक्षित वाट काढतो. २०१५ मध्ये इर्कुत्स्क येथे कम्युनिस्ट पक्षाचे सेर्गेई लेवचेन्को यांनी दुसऱ्या फेरीत पदस्थ गव्हर्नरला हरविले, तेव्हा तो अपवाद मानला गेला. २०१८ मध्ये मात्र अपवादांची रांग लागली. १४ जून रोजी रशियात विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा पहिला सामना रंगला आणि त्याच दिवशी शासनाने निवृत्तीचे वय वाढविण्याचा प्रस्ताव पुढे केला. पुरुषांसाठी ६० चे ६५ आणि स्त्रियांसाठी ५५ चे ६३. स्त्रियांची मर्यादा पुढे पुतिन यांनी ६० वर आणली. पण ज्या देशात पुरुषांचे सरासरी आयुर्मानच सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांच्या आसपास, तेथे पासष्टाव्या वर्षी निवृत्तिवेतन म्हणजे काय, हे सामान्य माणसाला समजावून सांगावे लागले नाही.

९ सप्टेंबर २०१८ रोजी मतदान झाले. खाबारोव्स्कमध्ये २००९ पासून पदावर असलेले 'संयुक्त रशिया'चे व्याचेस्लाव श्पोर्त यांना ३५.६ टक्के मते मिळाली, तर फुर्गाल यांना ३५.८ टक्के. फुर्गाल कोणी क्रांतिकारक नव्हते. शिक्षणाने वैद्य, नंतर लाकूड आणि मोडीत निघालेल्या धातूच्या व्यापारात शिरलेले, २००७ पासून मॉस्कोच्या संसदेतील खासदार. त्यांचा उदारमतवादी लोकशाही पक्ष नावात उदारमतवादी असला, तरी व्लादिमिर झिरिनोव्स्की यांच्या नेतृत्वाखाली उग्र राष्ट्रवादी भाषणे करणारा आणि महत्त्वाच्या प्रश्नी क्रेमलिनच्या मागे उभा राहणारा म्हणूनच ओळखला जाई. २०१३ मध्ये याच श्पोर्त यांच्याकडून फुर्गाल सहज पराभूत झाले होते. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात तर श्पोर्त यांनी त्यांना आपल्या शासनात पहिल्या उपप्रमुखाचे पद देऊ केले आणि फुर्गाल यांनी ते स्वीकारण्याची तयारीही दर्शविली. लढायचे तरी कोणी, असा प्रश्न पडावा अशी स्थिती होती.

मतदारांनी मात्र लढायचे ठरविले होते. २३ सप्टेंबरच्या दुसऱ्या फेरीत मतदान पहिल्या फेरीपेक्षा वाढले आणि फुर्गाल यांच्या पारड्यात जवळजवळ ७० टक्के मते पडली. श्पोर्त २८ टक्क्यांवर थांबले. त्याच दिवशी व्लादिमिर प्रांतातही पदस्थ गव्हर्नर पराभूत झाल्या. हा विजय फुर्गाल यांच्या कर्तृत्वाचा नव्हता, हे मान्य करावे लागेल. लोकांनी एका माणसाला निवडले, त्याहून अधिक दुसऱ्याला नाकारले होते. पण नाकारण्याचा अधिकार हा निवडीच्या अधिकाराचाच अर्धा भाग आहे. किंबहुना त्याच्यावाचून उरलेला अर्धा भाग निर्जीव ठरतो.

शेजारच्या घरचा धडा

खाबारोव्स्कच्या दक्षिणेला प्रिमोर्ये प्रदेश आहे आणि त्याची राजधानी व्लादिवोस्तोक. हे नाव भारतीयांना अपरिचित नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी तेथील पूर्व आर्थिक परिषदेला प्रमुख अतिथी म्हणून उपस्थित होते आणि रशियाच्या अतिपूर्वेच्या विकासासाठी भारताने एक अब्ज डॉलरचे पतसाहाय्य तेथेच जाहीर केले. चेन्नई-व्लादिवोस्तोक सागरी मार्गाचा विचारही याच भेटीत पुढे सरकला. ज्या भूमीशी भारत दीर्घकाळाचे नाते जोडू पाहतो, त्या भूमीतील माणसाचे मन कोणत्या अनुभवांतून गेले आहे, हे जाणून घेणे म्हणूनच निरर्थक नाही.

१६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रिमोर्येत दुसरी फेरी झाली. एका बाजूला पुतिन यांनी धाडलेले कार्यवाहक गव्हर्नर आंद्रेई तारासेन्को, दुसऱ्या बाजूला कम्युनिस्ट पक्षाचे आंद्रेई इश्चेन्को. ९५ टक्के मतपत्रिका मोजून झाल्या, तेव्हा इश्चेन्को पाच टक्क्यांहून अधिक आघाडीवर होते. उरलेल्या मूठभर केंद्रांचे आकडे येताच चित्र पालटले आणि तारासेन्को पुढे गेले! उस्सुरियस्क नगरातील काही केंद्रांच्या आकड्यांवर विशेष आक्षेप होते. गवगवा एवढा झाला की, केंद्रीय निवडणूक आयोगाच्या अध्यक्षा एल्ला पाम्फिलोवा यांनीच निकाल रद्द करण्याची शिफारस केली आणि २० सप्टेंबर रोजी तो रद्द झाला.

येथवर वाचून कोणालाही वाटेल, न्याय झाला. मेख पुढे आहे. चोरी झाल्याचे मान्य झाले. पण चोरीला गेलेली वस्तू मूळ मालकाला परत मिळाली नाही. फेरमोजणी झाली नाही, तर संपूर्ण निवडणूकच नव्याने जाहीर झाली. तारासेन्को बाजूला झाले आणि ओलेग कोझेम्याको यांना कार्यवाहक म्हणून आणण्यात आले. इश्चेन्को यांना या वेळी त्यांच्याच पक्षाने उमेदवारी दिली नाही. त्यांनी अपक्ष म्हणून अर्ज केला, तर स्वाक्षऱ्यांच्या चाळणीपाशी तो अडला. १६ डिसेंबर २०१८ रोजी कोझेम्याको सुमारे ६२ टक्के मते घेऊन निवडून आले. तीन महिन्यांपूर्वी विजयाच्या दारात उभा असलेला उमेदवार मतपत्रिकेवरही नव्हता.

राजधानी गेली, मग गव्हर्नर गेला

खाबारोव्स्कला धडा निराळ्या रीतीने मिळाला. १३ डिसेंबर २०१८ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने अतिपूर्व संघीय विभागाचे मुख्य ठाणे खाबारोव्स्कहून व्लादिवोस्तोकला हलविण्यात आले. फुर्गाल यांच्या विजयाला तीन महिनेही लोटले नव्हते. प्रशासकीय सोयीची कारणे देता येतात आणि ती दिलीही गेली. खाबारोव्स्कच्या नागरिकाने मात्र त्यातून जो अर्थ घ्यायचा, तो घेतला.

दरम्यान फुर्गाल यांनी लोकांना भावतील असे काही निर्णय घेतले. स्वतःचे वेतन कमी केले, अधिकाऱ्यांच्या विमानप्रवासातील महागडी आसने बंद केली, प्रदेशाच्या मालकीची आलिशान नौका विकायला काढली. त्यांत लोकानुनयाचा भाग होताच. तरी 'हा माणूस आपल्याला उत्तर द्यायला बांधील आहे', ही भावना रुजली. सप्टेंबर २०१९ मध्ये प्रादेशिक विधिमंडळाची निवडणूक झाली. ३६ पैकी ३० जागा फुर्गाल यांच्या पक्षाला मिळाल्या. देशभर सत्ता गाजविणाऱ्या 'संयुक्त रशिया'ला अवघ्या दोन. जुलै २०२० च्या प्रारंभी संविधान-दुरुस्तीवर देशव्यापी मतदान झाले. देशभरात सुमारे ६८ टक्के लोकांनी मतदान केले आणि ७८ टक्के मते अनुकूल पडली. खाबारोव्स्क प्रदेशात मतदानच सुमारे ४४ टक्के झाले आणि अनुकूल मते ६२ टक्क्यांच्या आसपास राहिली. हा निकाल लागून आठवडा उलटतो न उलटतो, तोच गव्हर्नरच्या मोटारीला तपास यंत्रणेच्या माणसांनी गराडा घातला.

अपराधाचा प्रश्न आणि अधिकाराचा प्रश्न

येथे विवेकाने विचार करणे आवश्यक आहे. फुर्गाल यांच्यावरील आरोप क्षुल्लक नव्हते. २००४-०५ मध्ये व्यावसायिकांच्या हत्या घडवून आणल्याचा आणि एका हत्येच्या प्रयत्नाचा तो आरोप होता. त्या काळातील रशियाच्या अतिपूर्वेत लाकूड आणि भंगार यांच्या व्यापारात रक्त सांडत असे, हे सर्वविदित आहे. फुर्गाल यांनी आरोप अखेरपर्यंत नाकारले. मॉस्कोनजीकच्या ल्युबेर्त्सी येथे चाललेल्या अभियोगात फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्यूरीने त्यांना दोषी ठरविले आणि न्यायालयाने २२ वर्षांची शिक्षा ठोठावली.

निवडून आलेला माणूस कायद्याच्या वर असतो काय? मुळीच नाही. लोकप्रियता हा हत्येच्या आरोपावरील उतारा नव्हे. खाबारोव्स्कमधील निदर्शकांतही 'तो निष्पापच आहे' असे छातीठोकपणे म्हणणारे सारेच नव्हते. त्यांची मागणी विचार करण्याजोगी होती. अभियोग चालवायचा तर खाबारोव्स्कमध्ये चालवा, उघडपणे चालवा, ज्यांनी त्याला निवडले त्यांच्या डोळ्यांदेखत चालवा, असे ते म्हणत होते. हीच मागणी नाकारली गेली.

आणखी एक प्रश्न उरतोच. हत्या २००४-०५ मधील. त्यानंतर हाच माणूस दहा वर्षांहून अधिक काळ मॉस्कोच्या संसदेत बसला. संसदेच्या आरोग्यविषयक समितीचे अध्यक्षपदही त्याने भूषविले. दोनदा गव्हर्नरपदासाठी त्याचा अर्ज छाननीत वैध ठरला. एवढ्या साऱ्या काळात तपास यंत्रणांना जाग आली नाही. ती आली, तो मतदारांनी सत्ताधारी पक्षाला विधिमंडळातून जवळजवळ हद्दपार केल्यानंतर. अपराध खरा असेल, तर यंत्रणा १५ वर्षे का निजली होती? आणि ती जाणूनबुजून निजली होती असे मानले, तर रशियातील प्रत्येक लोकप्रतिनिधीची एकेक नस्ती कुठल्या तरी कपाटात जपून ठेवलेली आहे आणि तो आज्ञेबाहेर गेला की ती काढली जाते, असाच निष्कर्ष निघतो. ज्या राज्यात न्याय सोयीच्या मुहूर्ताची वाट पाहतो, त्या राज्यात खऱ्या अपराध्याला झालेली शिक्षाही लोकांना सूड वाटते. न्यायसंस्थेची याहून मोठी हानी नसते.

आणि समजा, अटक अपरिहार्यच होती. तरी पुढे काय घडायला हवे होते? भारतात एखादा मुख्यमंत्री पद सोडतो, तेव्हा त्याचा वारस विधानसभेतील बहुमत ठरविते. खाबारोव्स्कच्या विधिमंडळात ३६ पैकी ३० सदस्य एका पक्षाचे होते. त्यांना कोणी विचारलेही नाही. राष्ट्राध्यक्षांनी समारा प्रांतातील मिखाईल देग्त्यारेव या खासदाराची कार्यवाहक म्हणून नेमणूक केली. ते फुर्गाल यांच्याच पक्षाचे होते, हे खरे. म्हणजे पक्षाचे नाव कायम राहिले. बदलला तो नेमणारा हात. लोक चिडले ते नेमके याच कारणाने. आठवड्यामागून आठवडे शनिवारी मोर्चे निघत राहिले. प्रारंभी पोलिसांनी त्यांना हात लावला नाही. १० ऑक्टोबर २०२० रोजी प्रथमच बळाचा वापर करून जमाव पांगविण्यात आला. हिवाळा आला, लोक थकले, चौक रिकामा झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये देग्त्यारेव सुमारे ५७ टक्के मतांनी रीतसर निवडून आले. मे २०२४ मध्ये ते क्रीडामंत्री होऊन मॉस्कोला परतले. त्यांच्या जागी आलेले दिमित्री देमेशिन हे महाअभियोक्त्यांच्या कार्यालयात सेवा केलेले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना सुमारे ८१ टक्के मते मिळाली. आकडा वाढला. त्या आकड्यामागचा उत्साह कोठे गेला, हे खाबारोव्स्कचा चौकच सांगू शकेल.

बलिष्ठ केंद्राचा युक्तिवाद

या सर्वावर एक प्रतिवाद केला जातो आणि तो धुडकावून लावण्याजोगा नाही. ऐंशीहून अधिक घटकांचे, अकरा कालविभागांत पसरलेले राष्ट्र एकत्र राखायचे तर केंद्र बलिष्ठच हवे. नव्वदच्या दशकात रशियाने दुबळ्या केंद्राची फळे चाखली. चेचन्यात युद्ध पेटले. अनेक प्रदेश केंद्रीय कायद्यांशी विसंगत कायदे करू लागले. प्रिमोर्येचे तत्कालीन गव्हर्नर येव्गेनी नाझ्द्रातेन्को हे निवडून आलेलेच होते. पण २०००-०१ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात त्यांच्या प्रदेशातील हजारो घरे उष्णतेवाचून गारठली आणि अखेर फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. निर्वाचित गव्हर्नर म्हणजे सुशासनाची हमी नव्हे, हे त्यातून सिद्ध झालेच. राष्ट्राची एकात्मता सर्वोपरि मानणाऱ्या कोणालाही केंद्राच्या या चिंतेचे मर्म कळेल.

पण एकात्मता आणि एकहाती सत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत. खाबारोव्स्कच्या चौकात जमलेल्यांपैकी कोणी रशियातून फुटून निघण्याची भाषा करीत नव्हते. चीनच्या सीमेवर पिढ्यान् पिढ्या राहिलेली, कडाक्याच्या थंडीत राष्ट्राचे पूर्वेकडील दार राखणारी ती माणसे होती. त्यांना हवा होता तो एवढाच अनुभव की, आपणही या राष्ट्राचे तितकेच धनी आहोत, जितका मॉस्कोतील नागरिक. सीमेवरील माणसाला राष्ट्राशी बांधून ठेवते ती आपलेपणाची जाणीव. ती जाणीव दुखावून केंद्र बलिष्ठ होत नाही. ते केवळ एकाकी होते.

त्याच नव्वदच्या दशकातील दुसरे उदाहरणही विसरता येत नाही. उरल भागातील एदुआर्द रोसेल यांनी १९९३ मध्ये प्रदेशाला 'उरल प्रजासत्ताक' घोषित केले, तेव्हा येल्त्सिन यांनी त्यांना तडकाफडकी दूर केले. १९९५ मध्ये निवडणूक झाली आणि तेच रोसेल लोकांच्या मतांनी गव्हर्नर होऊन परतले. केंद्राने तो कौल मानला. उरल रशियातून फुटून निघाले काय? उलट रोसेल पुढे २००९ पर्यंत त्या पदावर राहिले आणि प्रजासत्ताकाची भाषा इतिहासजमा झाली. रुसलेल्याला घरात मानाचे पान मिळाले की तो घर सोडून जात नाही, हा साधा संसारी अनुभव राज्यकारभारालाही लागू पडतो.

भारताचा अनुभव

भारतीय वाचकाने हे सारे वाचून निश्चिंत होण्याचेही कारण नाही. राज्यपाल आणि संविधानाचे ३५६ वे कलम यांच्या आधारे निर्वाचित राज्यशासने दूर करण्याचा मोह आपल्या देशातही झाला. १९५९ मध्ये केरळातील शासन बरखास्त झाले. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या केंद्र शासनाने नऊ राज्यांतील, तर १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या शासनाने तितक्याच राज्यांतील विधानसभा बरखास्त केल्या. मोहापासून कोणताही पक्ष अलिप्त राहिला नाही.

भेद पडला तो पुढे. १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा आखून दिली. राष्ट्रपतींची उद्घोषणा न्यायालयीन तपासणीच्या पलीकडे नाही आणि शासनाला बहुमत आहे की नाही याचा निर्णय राजभवनात नव्हे, सभागृहात व्हावा, हे तत्त्व प्रस्थापित झाले. वाद त्यानंतरही झाले, पुढेही होतील. पण दाद मागण्यासाठी एक दार उघडे राहिले. रशियात नेमके उलटे घडले. डिसेंबर २०२१ मध्ये संमत झालेल्या कायद्याने 'विश्वास गमावल्या'च्या कारणावरून गव्हर्नरला दूर करण्याचा राष्ट्राध्यक्षांचा अधिकार अबाधित ठेवला आणि त्याच वेळी गव्हर्नरांच्या कार्यकालांवरील मर्यादा उठविली. लोकांनी कितीही वेळा निवडावे, राष्ट्राध्यक्षांनी केव्हाही काढावे! २०१९ पासून २०२४ पर्यंतच्या गव्हर्नर निवडणुकांत कोठेही दुसरी फेरी घेण्याची वेळ आली नाही. खाकासियात कम्युनिस्ट पक्षाचे व्हालेंतिन कोनोवालोव २०२३ मध्ये पुन्हा निवडून आले, हा एक अपवाद. तेथेही सत्ताधारी पक्षाचा उमेदवार आजाराचे कारण सांगून आधीच माघारी फिरला होता.

कौल मानण्याचे धैर्य

मतदानकेंद्रे होती, मतपत्रिका होत्या, निरीक्षक होते, दुसरी फेरीही होती. निवडणुकीची सर्व बाह्यांगे खाबारोव्स्कने पाहिली. नव्हते ते एकच : आपल्याला नको असलेला कौल स्वीकारण्याचे सत्तेचे धैर्य. मत टाकणे हे नागरिकाचे काम असते. ते तो ऊन, पाऊस वा बर्फ यांची तमा न बाळगता करतो. त्याच्या मतापुढे नतमस्तक होणे हे राज्यकर्त्याचे काम. पहिले काम घडले आणि दुसरे घडले नाही, तर निवडणूक हा देव्हाऱ्यात मूर्ती नसताना केलेल्या पूजेसारखा उपचार ठरतो. घंटा वाजते, आरती होते. गाभारा रिताच राहतो.

फुर्गाल दोषी ठरले, शिक्षा भोगत आहेत. त्यांचे नाव काळाच्या ओघात पुसट होईल. पण २०२० च्या उन्हाळ्यात जे हजारो लोक शनिवारमागून शनिवार त्या चौकात येत राहिले, ते एका माणसासाठी आले नव्हते. 'आम्ही दिलेले मत कोणाच्या परवानगीने दिले होते?' हा त्यांचा प्रश्न होता. मॉस्कोने त्यांना नवा गव्हर्नर दिला, नंतर आणखी एक दिला. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र अद्याप दिलेले नाही.